एस-क्लास, ९११ की एम ५? आधी वजन बघा, मग टायर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बरीच वर्षं छोटी हॅचबॅक चालवलीत, आता सेकंडहँडमध्ये का होईना, मनासारखी एक गाडी घ्यायची आहे. यादीत तीन नावं आहेत: २०१३ नंतरची मर्सिडीज एस-क्लास, साधारण त्याच काळातली पोर्शे ९११ कॅरेरा आणि मित्राने सुचवलेली बीएमडब्ल्यू एम ५. तिघींचे आकडे तुम्ही शेजारी शेजारी मांडलेत आणि एम ५ जवळपास सगळीकडे पुढे निघाली. ५६० अश्वशक्ती, पाच माणसांची जागा, मोठी डिकी, शून्य ते शंभर साडेचार सेकंदांच्या आत. मग बाकीच्या दोन गाड्या लोक घेतात तरी का, असं तुम्ही विचारलंय. त्यासोबत तीन गोष्टी सांगितल्यात: घरात ही एकच गाडी असेल, आई-वडील बऱ्याचदा मागे बसतील आणि रोजच्या वाटेवरचा बराच रस्ता खराब आहे. आणि शेवटी लिहिलंय की गाडी चालवायला तुम्हाला मनापासून आवडतं.

मी अशा गाड्या विकत घेण्याआधी तपासून देतो आणि नंतर त्यांची देखभालही करतो. त्यामुळे नवी कोरी गाडी कशी असते यापेक्षा सात-आठ वर्षांनी तिचं काय उरतं हे मला जास्त जवळून दिसतं. उत्तर त्या अंगाने देतो.

तुमचा तक्ता चुकीचा नाही. पण तो गाडीला एकाच अवस्थेत मोजतो: रस्ता सरळ आणि कोरडा, टायर गरम, ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला. तुमच्या रोजच्या वापरात असे क्षण फार थोडे येतील. बाकी सगळा वेळ गाडी चाळीस ते ऐंशीच्या वेगात, अर्धवट ब्रेकवर, उखडलेल्या डांबरावर, वळणं घेत आणि सिग्नलला थांबत जाणार. म्हणून मी प्रश्न थोडा बदलून घेतो. गाडी बनवणाऱ्यांनी या गाडीत जी मेहनत ओतली आहे, तिच्यातली किती तुमच्या रोजच्या वाट्याला येईल? आणि ती मेहनत आज त्या गाडीत शाबूत आहे का?

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. घरात दुसरी गाडी असती तर माझं उत्तर वेगळं असतं. जवळपास त्या ब्रँडचं निदान-यंत्र असलेला आणि ते नीट वाचता येणारा मेकॅनिक नसेल तरीही वेगळं असतं. वर्षाकाठी गाडी फारच थोडी चालणार असेल तर पुन्हा वेगळं, कारण उभ्या राहणाऱ्या गाडीत रबर आणि सील वयाने वाळतात, किलोमीटरने नाही. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी असं धरतो की गाडी रोज रस्त्यावर असेल.

आता अश्वशक्तीकडे येऊ. २००५ मध्ये बुगाटी वेरॉन आली तेव्हा १००१ अश्वशक्तीसाठी आठ लिटरचं सोळा सिलिंडरचं इंजिन, चार टर्बो आणि तब्बल दहा रेडिएटर लागले होते. २०२१ मध्ये टेस्लाची मॉडेल एस प्लेड ही चार दारांची घरगुती सेडान हजारावर अश्वशक्ती घेऊन आली. ताकद मिळवणं ही आता अवघड गोष्ट राहिलेली नाही. अवघड आहे ते वजन कमी ठेवणं, आणि त्याहून अवघड आहे सस्पेन्शन, स्टेअरिंग आणि ब्रेक यांचा मेळ बसवणं. या दोन गोष्टी तक्त्यात येत नाहीत.

तुमच्याच तीन गाड्या घ्या. त्या पिढीच्या एम ५ ला ५६० अश्वशक्ती आणि कंपनीच्या आकड्यानुसार शून्य ते शंभर ४.४ सेकंद. एस-क्लासमधल्या एस ५०० ला ४५५ अश्वशक्ती आणि ४.८ सेकंद. साध्या मॅन्युअल ९११ कॅरेराला फक्त ३५० अश्वशक्ती, आणि तरीही ४.८ सेकंद. म्हणजे ताकदीत दोनशे दहाचा फरक असूनही पहिल्या आणि शेवटच्या गाडीत अर्ध्या सेकंदाचंही अंतर नाही. याचं मोठं कारण वजन आहे. कॅरेरा साधारण १३८० किलोची आहे, एम ५ साधारण १८७० किलोची. तो पावणेपाचशे-पाचशे किलोंचा फरक वेग घेताना इंजिन भरून काढतं. पण ब्रेक मारताना आणि वळण घेताना इंजिन मदतीला येत नाही. तिथे ते सगळं ओझं टायरवर पडतं.

टायरकडे एकदा बारकाईने बघा. दोन टनांच्या गाडीचं वजन चारही चाकांवर सारखं वाटलं आणि हवेचा दाब अडीच बार असेल, तर एकेक टायर रस्त्याला साधारण दोनशे चौरस सेंटिमीटर टेकतो, म्हणजे एका मोठ्या तळहाताएवढा. गाडी पुढे जाते, वळते आणि थांबते ती या चार तळहातांवर. रस्त्यावर वापरायचा चांगला टायर कोरड्या डांबरावर साधारण १ जी, म्हणजे गाडीच्या वजनाइतकी, पकड देतो, आणि तेवढ्या पकडीत ताशी १०० किलोमीटरवरून थांबायला ३९ ते ४० मीटर लागतात. जास्त चिकट रबराचा टायर घातला तर हे अंतर कमी होतं. अश्वशक्ती वाढवून ते एका सेंटिमीटरनेही कमी होत नाही.

आणि ब्रेक मारणं म्हणजे गाडीतली गतीची ऊर्जा डिस्कमध्ये उष्णता म्हणून ओतणं. वजन दुप्पट झालं तर ही ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट झाला तर चौपट. दोन टनांची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे ७७० किलोज्यूल उष्णता डिस्क आणि पॅडना गिळावी लागते. म्हणूनच जड आणि ताकदवान गाडीला मोठ्या डिस्क लागतात, मोठ्या डिस्कसाठी मोठे रिम लागतात, मोठे रिम आले की टायरची साइडवॉल, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची बाजू, बारीक होते, आणि साइडवॉल बारीक झाली की खड्डा थेट तुमच्या पाठीपर्यंत येतो. ताकदीच्या मागे लागलं की ही साखळी आपोआप सुरू होते. १९९८ ची एम ५ चारशे अश्वशक्तीची होती आणि दोन टनांच्या खाली होती. २०२४ ची नवी एम ५ हायब्रिड आहे, ७२७ अश्वशक्तीची आहे आणि २४०० किलोंच्या वर गेली आहे. नव्या गाडीचं अभियांत्रिकी अफाट आहे यात मला शंका नाही, पण त्यातलं बरंचसं स्वतःचंच वजन सांभाळण्यात खर्ची पडतं.

याच्या नेमकी उलट वाट मॅक्लारेन एफ १ ची. १९९२ मध्ये तिचे डिझायनर गॉर्डन मरे यांनी ती मांडली: १२ सिलिंडरचं ६२७ अश्वशक्तीचं इंजिन आणि गाडीचं वजन अवघं ११३८ किलो. १९९८ मध्ये तिने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला, तोही टर्बोशिवाय. मरे यांनी ही गाडी घडवताना ज्या गाड्यांचा आदर्श पुढे ठेवला त्यात होंडा एनएसएक्स होती, आणि ती वेगासाठी नव्हे, तर तिची चाल आणि हाताळणी यांचा समतोल आवडला म्हणून. १९९० च्या त्या एनएसएक्सची संपूर्ण बॉडी ॲल्युमिनियमची होती आणि इंजिन तीन लिटरचं व्ही ६. कागदावर फार मोठे आकडे नव्हते. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण परफॉर्मन्स म्हणजे काय हे ते नीट सांगतं.

परफॉर्मन्स गाडी म्हणजे वेगवान गाडी, असं मी मानत नाही. मी तिला तीन गोष्टींवर तपासतो, आणि तिन्ही साठच्या वेगात तपासता येतात. पहिली, स्टेअरिंग मधोमध असताना ते अगदी किंचित वळवलं तर नाक लगेच आणि तेवढंच वळतं का, की आधी थोडी पोकळी लागते आणि मग एकदम वळतं. दुसरी, ब्रेकवर पाय हलका ठेवून हळूहळू दाब वाढवला तर गाडी त्याच प्रमाणात थांबत जाते का. तिसरी, वळणात असताना ॲक्सिलरेटर थोडा कमी-जास्त केला तर गाडी काय करतेय हे सीटमधून कळतं का. या तिन्ही परीक्षांत जी पास होते ती गाडी बाजारात जाऊन येण्यातही आनंद देते. जी फक्त पूर्ण ॲक्सिलरेटरवर रंगते, ती बाकीचा सगळा वेळ तुम्हाला वाट बघायला लावते.

९११ या परीक्षांत का उत्तम निघते ते थोडक्यात सांगतो. तिचं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे बसवलेलं आहे, त्यामुळे साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागच्या चाकांवर येतं. वळणातून बाहेर पडताना मागचे टायर त्या वजनाने दाबलेले असतात, म्हणून ती पकड सोडत नाही. ब्रेक मारताना वजन पुढे सरकतं तेव्हाही मागची चाकं काम करत राहतात, म्हणून तिचे ब्रेक इतके भरवशाचे वाटतात. याच रचनेमुळे जुन्या ९११ वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला की मागून घसरायच्या. तुम्ही बघताय त्या पिढीत, म्हणजे २०११ नंतरच्या ९९१ मध्ये, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, आधीपेक्षा १०० मिलिमीटरने वाढवला आणि गाडी बरीच शांत झाली. त्याच पिढीत हायड्रॉलिक स्टेअरिंग जाऊन इलेक्ट्रिक आलं. बऱ्याच चाहत्यांना ते खटकलं, आणि हाताला येणारी बारीक थरथर कमी झाली हे खरंच आहे. तरीही आजच्या बहुतेक गाड्यांच्या तुलनेत ते फार चांगलं स्टेअरिंग आहे.

पण ९११ च्या मागच्या सीटवर मोठी माणसं बसू शकत नाहीत. तुमचे आई-वडील मागे बसणार, आणि घरात दुसरी गाडी नाही. म्हणून मन कितीही ओढलं तरी तुमच्या यादीतून मी ती काढतो. ती गाडी कुठेही कमी नाही, फक्त तुमच्या घराला ती पुरणार नाही.

आता एस-क्लास. आराम म्हणजे मऊ सीट आणि लाकडी डॅशबोर्ड असं बऱ्याच जणांना वाटतं. सीट महत्त्वाची आहेच, पण खरा आराम सस्पेन्शनमध्ये असतो. आरामदायी गाडीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते सव्वा वेळा वर-खाली होईल अशी बसवतात, स्पोर्ट्स गाडीत हा वेग दीड ते दोनपर्यंत जातो. संथ हेलकावा शरीराला मानवतो, तुटक हेलकाव्याने मान अवघडते. पण नुसती स्प्रिंग मऊ केली तर गाडी वळणात झुकते आणि ब्रेकवर नाक टेकवते. हा पेच सोडवण्यासाठी १९५५ च्या सिट्रोएन डीएसमध्ये लोखंडी स्प्रिंगऐवजी तेल आणि वायू वापरले गेले. २०१३ च्या एस-क्लासमध्ये कॅमेऱ्याने पुढचा सुमारे १५ मीटर रस्ता वाचून चाक खड्ड्यात जाण्याआधीच सस्पेन्शन तयार ठेवणारी यंत्रणा पर्याय म्हणून आली. ती चालताना अनुभवली की थक्क व्हायला होतं. पण सेकंडहँड घेताना मी ती टाळायला सांगतो. हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह आणि उच्च दाबाच्या पाइपांचा तो पसारा वयाने गळायला लागला की दुरुस्तीला अंत राहत नाही. साधं एअर सस्पेन्शन असलेली एस-क्लास घ्या.

आवाजाचंही तसंच आहे. २०२० मध्ये आलेल्या रोल्स-रॉइस घोस्टमध्ये आवाज शोषणारं साहित्यच १०० किलोंहून जास्त आहे. ती गाडी इतकी शांत झाली की आत बसणाऱ्याला अस्वस्थ वाटू लागलं, म्हणून अभियंत्यांनी वेगवेगळे भाग एकाच सुरात कंपन पावतील असे जुळवून अगदी हलकी कुजबुज मुद्दाम शिल्लक ठेवली, असं कंपनीनेच सांगितलं आहे. म्हणजे आराम मिळवायला वजन घालावं लागतं, आणि परफॉर्मन्सला वजन चालत नाही. लक्झरी आणि परफॉर्मन्स यांच्यातलं खरं भांडण हेच आहे. दोन्ही एकत्र देणाऱ्या गाडीला हे भांडण कुठेतरी मिटवावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा जास्त ताकद, जास्त इलेक्ट्रॉनिक्स आणि जास्त रुंद टायर देऊन मिटवलं जातं.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे, कारण चांगल्या गाड्या यापायी खराब झालेल्या मी सतत बघतो. मोठे रिम. एस-क्लासची मागच्या सीटवरची जादू टिकते ती १८ इंची चाकांवर. २४५/५० आर १८ या मापात साइडवॉल साधारण १२२ मिलिमीटर उंच असते. तीच गाडी २४५/४० आर २० वर आली की ती ९८ मिलिमीटर होते. हा अडीच सेंटिमीटरचा फरक फोटोत दिमाखदार दिसतो, पण खडबडीत रस्त्यावरचा बारीक कंप शोषणारं पहिलं रबर तेच असतं. शॉकअप आणि स्प्रिंगचं काम त्याच्यानंतर सुरू होतं. शिवाय मोठं चाक सहसा जड असतं, आणि स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की चाक खड्ड्यातून पटकन वर-खाली होऊ शकत नाही. दोन गाड्या सगळ्या बाबतीत सारख्या असतील आणि एक छोट्या चाकांवर असेल, तर डोळे झाकून ती घ्या. विक्रेता मोठे रिम सांगून जास्त पैसे मागत असेल तर त्यातला एक पैसाही देऊ नका.

इंजिनाबद्दलही दोन वाक्यं. चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनांच्या हालचालीतून क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दुप्पट वेगाची एक थरथर मूळचीच असते, तिला दाबायला बॅलन्स शाफ्ट लावतात. एका रांगेत सहा सिलिंडर असतील तर या थरथरी एकमेकींना रद्द करतात, म्हणून ते इंजिन कोणत्याही उपायाशिवाय गुळगुळीत चालतं. व्ही १२ म्हणजे अशी दोन सहाची इंजिनं एकाच क्रँकवर, म्हणूनच मोठ्या लक्झरी गाड्यांना ते इतकी वर्षं प्रिय राहिलं. सरळ सहा सिलिंडरचा हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग एम ५ ची बाजू. ती गाडी थोर आहे यात वाद नाही. १९८० च्या दशकात सेडानमध्ये रेसिंगच्या घराण्यातलं सहा सिलिंडरचं इंजिन बसवून पहिली एम ५ निघाली, आणि घरच्यांना घेऊन जाणारी सेडान स्पोर्ट्स गाडीलाही मागे टाकू शकते हे तिने दाखवून दिलं. तुमच्या यादीतल्या पिढीत ४.४ लिटरचं व्ही ८ आहे, दोन्ही टर्बो इंजिनाच्या व्ही आकाराच्या कुशीत बसवलेले. ही रचना आटोपशीर आहे आणि टर्बो लवकर जागे होतात. पण उष्णताही तिथेच साठते, आणि सात-आठ वर्षांत आजूबाजूचे कूलंटचे होस, प्लॅस्टिकचे जोड आणि सील ठिसूळ होतात. हाताने होस दाबून बघा: चांगला होस दबतो आणि परत फुगतो, भाजलेला कडक लागतो, आणि त्याच्या टोकाशी वाळलेल्या कूलंटचा पांढुरका थर दिसतो. असा एक दिसला की बाकीचेही त्याच वयाचे आहेत हे गृहीत धरा.

शिवाय ६८० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, फक्त मागच्या दोन चाकांना जातो. खराब किंवा ओल्या रस्त्यावर त्यातला मोठा भाग चाकं घसरू नयेत म्हणून असलेलं ट्रॅक्शन कंट्रोल कापून टाकतं. तुमच्या रोजच्या वाटेवर तुम्ही ५६० अश्वशक्तीची देखभाल कराल आणि त्यातली निम्मीही वापरायला मिळणार नाही. मोकळे, गुळगुळीत, लांबचे रस्ते रोजचे असते तर मी एम ५ च्या बाजूने जोरात बोललो असतो.

इथवरचा हिशेब एका जागी ठेवतो. ९११ चालवायला तिघींत सर्वात सुंदर, पण मागे जागा नाही. एस-क्लास तुमच्या रस्त्याला आणि आई-वडिलांना सर्वात योग्य, पण स्टेअरिंग हातात धरल्यावर तुम्हाला जे हवंय ते ती मोजकंच देईल. एम ५ दोन्हीकडचं थोडं थोडं देते आणि त्यासाठी खर्च मात्र दोन्हीकडचा पूर्ण मागते.

खर्चाबद्दल एक गोष्ट समजून घ्या. सेकंडहँड बाजारात गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. आठ वर्षांची एस-क्लास नव्या मध्यम सेडानच्या भावात मिळू शकेल, पण तिचा एअर स्प्रिंग, तिची डिस्क आणि तिचा हेडलाइट एस-क्लासच्याच भावाने येतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की सगळे पैसे खरेदीत घालू नका. पहिल्या वर्षासाठी एक ठळक रक्कम बाजूला काढा, आणि ती काढून परवडत नसेल तर ती गाडी परवडत नाही.

एस-क्लास बघायला गेलात तर ही तपासणी जरूर करा, हिला कोणतंही यंत्र लागत नाही. संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी करायला लावा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून घ्या. सकाळी गाडी सुरू करण्याआधी, दारही न उघडता, तेच अंतर परत मोजा. एखादा कोपरा बोटभर खाली आला असेल तर तिथला एअर स्प्रिंग किंवा व्हॉल्व्ह गळतोय. मग इंजिन सुरू करा आणि कॉम्प्रेसरचा गुरगुराट किती वेळ चालतो ते ऐका. गळकी हवा भरून काढता काढता कॉम्प्रेसर जळतो, त्यामुळे एका स्प्रिंगची गळती दुर्लक्षित राहिली तर दोन महागडे पार्ट जातात. विक्रेत्याने तुम्ही पोचण्याआधीच गाडी गरम करून ठेवली असेल, तर नम्रपणे दुसऱ्या दिवसाची वेळ मागा.

टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. मर्सिडीजसाठी मान्य केलेल्या टायरवर एमओ, बीएमडब्ल्यूसाठी तारा आणि पोर्शेसाठी एन आणि आकडा अशी खूण असते. चारही टायर एका कंपनीचे, एका वयाचे आणि योग्य खुणेचे असतील तर मालकाने गाडीवर पैसे खर्च करताना हात आखडलेला नाही, हे मला कळतं. चार चाकांवर तीन कंपन्यांचे स्वस्त टायर दिसले तर इंजिन ऑइलमध्येही तीच काटकसर झाली असेल असं मी धरून चालतो, आणि सर्व्हिसची बिलं मागतो.

किलोमीटरच्या काट्यावर एकट्यावर विसंबू नका. बऱ्याच आधुनिक गाड्यांत हा आकडा एकाहून अधिक कंट्रोल युनिटमध्ये साठलेला असतो, चांगला मेकॅनिक तो पडताळून देतो. इंजिन किती तास चाललं हेही वाचता येत असेल तर फार उत्तम. किलोमीटरला तासांनी भागलं की सरासरी वेग निघतो. सरासरी विसाच्या आसपास असेल तर ते इंजिन गर्दीत उभं राहून झिजलेलं आहे, पन्नासच्या पुढे असेल तर मोकळ्या रस्त्यावर पळलेलं आहे. दुसरं इंजिन किलोमीटर जास्त असूनही मला आवडेल. ९११ च्या बाबतीत तर इंजिन किती वेळा ठराविक आरपीएमच्या पलीकडे फिरवलं गेलं याचीही नोंद निघते, आणि ती न बघता ती गाडी कुणी घेऊ नये.

आता माझं मत. तुमच्या तिन्ही नावांऐवजी मी एक चौथं सुचवतो: ज्या पिढीची एम ५ तुम्ही बघताय, त्याच पिढीची साधी ५ सीरिज, सरळ सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची, म्हणजे ५३५आय. तीन लिटर, टर्बो, ३०६ अश्वशक्ती. शून्य ते शंभर सहा सेकंदांच्या आसपास, म्हणजे रस्त्यावर कधीही कमी पडणार नाही. एम ५ पेक्षा ती बरीच हलकी आहे, पुढच्या चाकांवर मोठ्या व्ही ८ चं ओझं नाही, त्यामुळे नाक जास्त मोकळेपणाने वळतं. इंजिन मुळातच गुळगुळीत. मागची सीट मोठ्या माणसांसाठी खरीखुरी सीट. आणि झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक, जो माझ्या मते आजवरच्या सर्वात यशस्वी गिअरबॉक्सपैकी एक आहे. या गिअरबॉक्सच्या ऑइलला गाडीची कंपनी आयुष्यभर पुरणारं म्हणते, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. मी झेडएफचं ऐकतो. गाडी घेतल्यावर पहिलं काम म्हणून ते करून टाका.

तिच्या खोडी आहेतच. ऑइल फिल्टर हाउसिंगची आणि व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट वयाने गळते, पाण्याचा पंप इलेक्ट्रिक आहे आणि तो फारशी पूर्वसूचना न देता बंद पडू शकतो. पण या खोडी ओळखीच्या आहेत, त्यांचे पार्ट मिळतात आणि कुशल मेकॅनिकला इंजिन न उतरवता त्या दुरुस्त करता येतात. एक बदल मात्र नक्की करा. या गाड्यांवर बऱ्याचदा रनफ्लॅट टायर असतात. हवा गेल्यावरही गाडी चालावी म्हणून त्यांची साइडवॉल कडक बनवलेली असते, आणि तोच कडकपणा रोज तुमच्या पाठीला लागतो. ते झिजले की साधे चांगले टायर घाला, डिकीत हवा भरायचा पंप आणि दुरुस्तीचं किट ठेवा. एवढ्या एका बदलाने गाडी एक श्रेणी वरची वाटते. चाकं १८ इंचीच ठेवा.

तरीही एस-क्लासच मनात असेल तर मी अडवणार नाही. आई-वडिलांपैकी कुणाला पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल, तर माझं मत सरळ तिच्याकडे झुकेल, कारण मागच्या सीटवर बसणाऱ्याला ती जे देते ते ५ सीरिज देत नाही.

ठरवायची पद्धत अशी ठेवा. दोन्ही गाड्या तुमच्या रोजच्या खराब वाटेवर घेऊन जा, आई-वडिलांना मागे बसवून, रेडिओ आणि एसीचा पंखा बंद करून, चाळीस ते साठच्या वेगात. वर सांगितलेल्या तीन परीक्षा तुम्ही पुढे बसून घ्या, मागे बसलेल्यांना फक्त मान आणि कंबर कशी आहे ते विचारा. मग दोन्ही गाड्यांच्या टायरचं माप, टायरवरचे चार आकडे, गिअरबॉक्स ऑइल बदलल्याचं बिल आहे की नाही, आणि एस-क्लासच्या चार कोपऱ्यांची संध्याकाळची आणि सकाळची मापं मला लिहून कळवा. त्यावरून कोणती गाडी रॅम्पवर चढवून तपासायची आणि कोणती तिथूनच सोडून द्यायची, ते सांगतो.